लुत्रो: जिथे गाडीरस्ता पोहोचत नाही त्या गावी तीन रात्री

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आपण पती-पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघे ग्रीसमधील क्रीट बेटावर आठ रात्री राहणार आहात. हानिया शहरात हॉटेल घ्यायचे, भाड्याच्या गाडीने रोज एक ठिकाण पाहायचे आणि त्यातला एक दिवस दक्षिण किनाऱ्यावरच्या लुत्रो या गावासाठी ठेवायचा, असा बेत आहे. हे गाव एका दिवसात पाहून होते का, सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपेल का आणि पूर्ण शाकाहारी माणसाची तिथे उपासमार तर होणार नाही ना, असे आपण विचारले आहे.

गेली बारा वर्षे मी मराठी मंडळींचे लहान गट क्रीटमध्ये पायी फिरवण्याचे काम करतो आणि त्यातल्या बहुतेक प्रत्येक सहलीत लुत्रोला मुक्काम असतो. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की लुत्रो पाहून व्हायला अर्धा तासही लागत नाही, आणि म्हणूनच तिथे एका दिवसासाठी जाऊ नये. एका लहान उपसागराभोवती अर्धवर्तुळात उभी असलेली काही डझन पांढरी घरे, त्यांच्या निळ्या खिडक्या, गोट्यांचा एक छोटा किनारा, एक धक्का आणि मागे सरळ उभा डोंगर, एवढाच तो पसारा आहे. दुपारी बोटीने येणारा पाहुणा किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतो, छायाचित्रे काढतो, जेवतो आणि ‘आता काय?’ असा चेहरा करून परतीच्या बोटीची वाट पाहत बसतो. संध्याकाळची शेवटची बोट निघून गेल्यावर जे गाव उरते ते त्याच्या वाट्याला येतच नाही. आठ रात्रींपैकी तीन इथे द्याव्यात, निदान दोन तरी द्याव्यात, आणि तेवढे शक्य नसेल तर गाव सरळ वगळून तो दिवस हानियाच्या जुन्या बंदरात घालवावा, असे माझे मत आहे.

हे गाव असे का आहे ते समजून घेतले म्हणजे पुढचे नियोजन आपोआप सुचते. क्रीटच्या पश्चिम भागात ‘लेफ्का ओरी’ म्हणजे पांढरे पर्वत आहेत. त्यांचे सर्वोच्च शिखर पाह्नेस २,४५३ मीटर उंच आहे, आणि हे पर्वत दक्षिणेला किनारपट्टी म्हणून सपाट जमीन जवळजवळ न सोडता थेट लिबियन समुद्रात उतरतात. त्यामुळे स्फाकिया या मुलखात किनाऱ्याने जाणारा सलग रस्ता नाही. काही गावांना डोंगरावरून नागमोडी रस्ता खाली येऊन भेटतो, काहींना भेटत नाही. लुत्रो दुसऱ्या प्रकारातले आहे. तिथे बोटीने जाता येते किंवा पायवाटेने. गावात मोटार नाही, स्कूटर नाही. दुकानातल्या दुधापासून खानावळीतल्या गॅसच्या टाक्यांपर्यंत सारे बोटीतून येते. कोकणातल्या ज्या वडीलधाऱ्यांनी मुंबईहून आगबोटीने गावी जाण्याचे दिवस पाहिले आहेत त्यांना बोट लागताना धक्क्यावर होणारी गडबड लगेच ओळखीची वाटेल. माझ्या एका सहलीत वेंगुर्ल्याचे एक आजोबा रोज संध्याकाळी केवळ ती पाहण्यासाठी धक्क्यावर जाऊन बसत असत.

आता तिथे पोहोचण्याविषयी. नकाशांवर ज्याचे स्पेलिंग वाचून आपण ‘चानिया’ म्हणतो त्याचा उच्चार हानिया असा आहे. अथेन्सहून हानियाला विमानाने तासाभरात पोहोचता येते किंवा पिरेअस बंदरातून रात्रीच्या मोठ्या जहाजाने पहाटे जवळच्या सूदा बंदरात उतरता येते. हानियाहून दक्षिणेचे होरा स्फाकिऑन हे लहान बंदर सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. ‘केटेल’ या नावाने चालणाऱ्या सार्वजनिक बसला तिथे पोहोचायला पावणेदोन ते दोन तास लागतात. व्रीसेस गाव मागे पडले की बस चढू लागते, आस्किफू नावाच्या खोलगट पठारावरून जाते, आणि इंब्रोस गावानंतर एकदम समोर खाली निळा समुद्र दिसू लागतो. तिथून समुद्रापर्यंत ती वळणावळणाने उतरते. गाडी लागणाऱ्या माणसाने या भागासाठी गोळी आधीच घ्यावी. होरा स्फाकिऑनच्या धक्क्यावरून लुत्रोची फेरीबोट साधारण वीस मिनिटांत पोहोचते. हीच बोट पुढे आयिया रूमेली या गावाला जाते आणि काही फेऱ्या आणखी पश्चिमेकडच्या सूयिया आणि पालेओहोरापर्यंत असतात. वेळापत्रक महिन्यागणिक बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या प्रवासवर्णनात वाचलेल्या वेळा धरून चालू नये. निघण्याच्या आठवड्यात ते बोटसेवेकडून ताजे पाहून घ्यावे आणि आदल्या दिवशी तिकीट खिडकीवर पुन्हा विचारावे.

भाड्याची गाडी घेण्यास हरकत नाही, परंतु लुत्रोच्या तीन दिवसांत ती होरा स्फाकिऑनच्या वाहनतळावर नुसती उभी राहील आणि तिचे भाडे चालूच राहील. हानिया ते होरा बसने जावे आणि गाडी लुत्रोहून परतल्यावर शेवटच्या दोन दिवसांसाठी घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे. गाडी चालवणाऱ्याकडे आपल्या परवान्यासोबत आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही असावा. तो नसताना एखाद्या भाड्याने गाडी देणाऱ्याने गाडी दिली तरी अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो. स्फाकियातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर बंदुकीच्या गोळ्यांची भोके दिसतील. ती पाहून घाबरू नये, नेमबाजीचा तो तिथला जुना आणि काहीसा उनाड छंद आहे.

ज्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याने सहली बिघडतात ती म्हणजे वारा. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून वारा वाहतो, त्याला ‘मेल्तेमी’ म्हणतात. तो पांढऱ्या पर्वतांना अडतो, वर चढतो आणि दक्षिणेच्या बाजूला घळयांमधून झोताने खाली कोसळतो. हानियात झाडाचे पानही हलत नसताना लुत्रोच्या किनाऱ्यावर टेबलावरचे ग्लास उडालेले मी पाहिले आहेत. वाऱ्याचा जोर वाढला की बंदर अधिकारी बोटी सोडण्यास मनाई करतात. तिला ग्रीक भाषेत ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात, आणि गावातल्या संभाषणात हा शब्द आणि त्यामागोमाग ‘सात बोफोर’, ‘आठ बोफोर’ असे आकडे ऐकू आले की आपला कार्यक्रम बदलला असे समजावे. वाऱ्याचा वेग तिथे बोफोर्ट मापनातच सांगतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात असे दिवस कमी येतात, जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमीचा भर असतो, परंतु ‘कमी’ म्हणजे ‘नाहीच’ असे नव्हे.

यातली मोठी चूक मी स्वतः केलेली आहे. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी गटाचा लुत्रोतला मुक्काम शेवटी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारचे विमान धरले. सकाळी उठलो तर समुद्रावर पांढरे फेस उडत होते आणि बोट रद्द झाली होती. आम्ही सहा जण पाठीवर सामान घेऊन पायवाटेने होरा स्फाकिऑनला गेलो आणि धावतपळत विमानतळ गाठला; दोन ज्येष्ठ मंडळींना चालणे शक्य नव्हते, ते मागे राहिले, त्यांचे विमान चुकले आणि नव्या तिकिटांचा खर्च मी सोसला. तेव्हापासून माझा नियम असा की लुत्रो नेहमी सहलीच्या मध्यावर ठेवायचे आणि परतीच्या विमानाआधी निदान दोन रात्री उत्तर किनाऱ्यावर काढायच्या. आपल्या बाबतीत हानियात दोन रात्री, लुत्रोत तीन आणि पुन्हा हानिया किंवा रेथिम्नो इथे तीन, अशी वाटणी योग्य होईल.

या वाऱ्याची साक्ष जुनी आहे. लुत्रोच्या परिसरात प्राचीन काळी फिनिक्स नावाचे बंदर होते आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्याचा उल्लेख येतो. संत पौलाला कैदी म्हणून रोमकडे नेणारे अलेक्झांड्रियाचे जहाज क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर थांबले होते. शरद ऋतू उलटून चालला होता आणि हिवाळा काढण्यासाठी फिनिक्स गाठावे असे ठरले. दक्षिणेचा मंद वारा सुटलेला पाहून त्यांनी नांगर उचलला आणि थोड्याच वेळात बेटावरून तुफानी वारा खाली आला. जहाज गाव्दोस बेटाच्या आडोशाने वाहत गेले आणि चौदा दिवसांनी माल्टाजवळ फुटले. म्हणजे ज्या बंदराचे आपण आरक्षण करणार आहात तिथे पौल पोहोचू शकला नाही. हवा स्वच्छ असली की हे गाव्दोस दक्षिणेला क्षितिजावर दिसते. युरोपचे सर्वात दक्षिणेकडचे टोक त्याच बेटावर आहे.

यातली एक गोष्ट आपल्या वाचकाला उलटी वाटेल. आपल्या कोकणात पावसाळ्यात समुद्र बंद होतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून तो पुन्हा खुला होतो. भूमध्य समुद्रात प्राचीन काळापासून हिवाळा हा बंद समुद्राचा काळ आहे आणि उन्हाळा खुल्या समुद्राचा. आजही नोव्हेंबर ते मार्च लुत्रोतल्या बहुतेक खानावळी आणि खोल्या बंद असतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लुत्रोला जावे का, असे कोणी विचारले तर ऑक्टोबर सरत आला असेल तर जाऊ नये असे मी सांगतो. जून मात्र उत्तम. पाऊस जवळजवळ नाही, दिवस रात्री साडेआठपर्यंत उजेडाचा, आणि समुद्र पोहण्याइतका कोमट होऊ लागलेला. आपली मुलगी पोहण्यासाठी उत्सुक आहे असे आपण लिहिले आहे. उपसागर पश्चिमेच्या भूशिरामुळे सुरक्षित आहे आणि पाणी इतके नितळ आहे की बोटींच्या सावल्या तळावर पडलेल्या दिसतात. किनारा वाळूचा नसून गोट्यांचा आहे आणि खडकांवर समुद्री साळिंदर (सी अर्चिन) नावाचे लहान काटेरी जीव असतात, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट हानियातच विकत घ्यावेत. तळ झपाट्याने खोल जातो, त्यामुळे मुलीला चांगले पोहता येत असले तरी तिने एकटीने दूर जाऊ नये.

कोकणी डोळ्यांना लुत्रोत आणखी एक गोष्ट खटकते. खानावळींची टेबले पाण्यापासून दोन हातांवर मांडलेली असतात आणि घरांचे उंबरे जवळजवळ समुद्राला टेकलेले असतात. ‘भरती आल्यावर हे काय करतात?’ असे प्रत्येक गटात कोणी ना कोणी विचारतेच. उत्तर असे की इथे भरती-ओहोटी जाणवण्याइतकी नसतेच. भूमध्य समुद्र जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीने महासागराला जोडलेला असल्यामुळे इथल्या पाण्याची चढउतार काही सेंटिमीटरांत मोजावी लागते, तर मुंबईत उधाणाला ती चार-पाच मीटरपर्यंत जाते. पाण्याच्या नितळपणाचेही असेच कारण आहे. पूर्व भूमध्य समुद्र हा जगातल्या सर्वात कमी पोषणद्रव्ये असलेल्या समुद्रांपैकी एक आहे. पोषणद्रव्ये नाहीत म्हणून सूक्ष्म वनस्पती कमी, त्या कमी म्हणून पाणी निळे आणि पारदर्शक, आणि त्याच कारणाने मासेही कमी. आपला अरबी समुद्र गढूळ दिसतो, त्याचे एक कारण असे की तो जेवू घालणारा समुद्र आहे.

आपले यजमान मासे खाणारे आहेत, त्यांच्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की ‘समुद्रकाठचे गाव म्हणजे स्वस्त आणि भरपूर मासे’ ही मालवणची अपेक्षा इथे घेऊन येऊ नये. ताजा मासा किलोच्या भावाने विकला जातो आणि तो भाव डोळे पांढरे करणारा असू शकतो. आत जाऊन मासा पाहावा, आपल्यासमोर वजन करून घ्यावा आणि रक्कम विचारून मगच हो म्हणावे. यात कोणालाही अपमान वाटत नाही. मेनूकार्डावर गोठवलेल्या मालापुढे चांदणी किंवा ‘कात.’ असे संक्षिप्त रूप छापलेले असते, ते बघावे. हो म्हणताना एक गंमत लक्षात ठेवावी: ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’ आणि ‘ओही’ म्हणजे ‘नाही’. मराठी कानाला ‘ने’ हा नकार वाटतो, त्यात पुन्हा तिथली माणसे नकार देताना मान हलवण्याऐवजी हनुवटी आणि भुवया किंचित वर उचलतात, त्यामुळे पहिले दोन दिवस घोटाळे होणारच.

सासूबाईंच्या जेवणाची चिंता मात्र आपण सोडून द्यावी, कारण क्रीटचा मूळ स्वयंपाक कडधान्ये, पालेभाज्या आणि ऑलिव्ह तेल यांवर उभा आहे. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांचे दिवस वर्षभरात बरेच असतात आणि त्यामुळे मांसाशिवाय स्वयंपाक करणे तिथल्या गृहिणीला अगदी अंगवळणी पडलेले आहे. तेलात शिजवलेल्या भाज्यांच्या सगळ्या प्रकारांना ‘लादेरा’ म्हणतात; हा एक शब्द पाठ केला तरी निम्मे काम होते. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचे घट्ट वरण, फक्त फोडणीऐवजी वरून कच्चे ऑलिव्ह तेल आणि कांदा. ‘होर्ता’ म्हणजे उकडलेला रानपाला, त्यातली ‘स्तामनागाथी’ नावाची किंचित कडू भाजी लिंबू पिळून फार चांगली लागते. ‘बुरेकी’ ही हानियाची खासियत: कोवळा दुधीसारखा झुकिनी, बटाटा, मिझिथ्रा नावाचे ताजे चीज आणि पुदिना यांचे थर लावून भाजलेला प्रकार. ‘दाकोस’ म्हणजे जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि चीज; पाव आधी नीट भिजू द्यावा, नाहीतर सासूबाईंच्या दातांची परीक्षा होईल. स्फाकियाची स्वतःची अशी एक पोळी आहे, ‘स्फाकियानी पिता’. मैद्याच्या पारीत आंबटसर ताज्या चीजचा गोळा भरून ती बंद करतात, ताटलीएवढी पातळ लाटतात, तव्यावर भाजतात आणि वरून मध सोडतात. पुरणपोळी लाटणाऱ्या बाईला ती करताना पाहून काही समजावून सांगावे लागत नाही. एका सहलीत आमच्या गटातल्या एक आजी सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि पीठ किती सैल हवे यावर खानावळीच्या मालकिणीशी, एकमेकींची भाषा न कळता, पंधरा मिनिटे चर्चा करून आल्या.

सावधगिरीच्या दोन-तीन गोष्टी आहेत. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचा पदार्थ, असे ऐकून निर्धास्त होऊ नये, कारण तिथल्या उपवासात मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असली तरी माखली आणि कोळंबी चालते. भात भरलेल्या टोमॅटो-मिरचीत, ज्याला ‘येमिस्ता’ म्हणतात, कधी खिमाही असतो. म्हणून ‘होरिस क्रेआस’, म्हणजे मांसाविना, असे विचारून घ्यावे. कित्येक पारंपरिक चीज रेनेटने, म्हणजे वासरा-करडांच्या जठरातून मिळणाऱ्या विरजणाने, विरजलेली असतात. सासूबाई त्याबाबत काटेकोर असतील तर त्यांच्यासाठी चीजविरहित लादेरा आणि कडधान्ये हाच मार्ग. मेथीचे ठेपले आणि लोणच्याची बाटली नेण्यास माझी अजिबात हरकत नाही, फक्त ती खानावळीच्या टेबलावर उघडू नये. जेवण संपल्यावर फळांसोबत ‘राकी’ किंवा ‘त्सिकुदिया’ नावाच्या द्राक्षाच्या दारूची लहान सुरई पैसे न घेता पुढे येते. प्यायची नसेल तर हात छातीवर ठेवून ‘एफ्हारिस्तो’ म्हणावे आणि ती टेबलावर राहू द्यावी. परत पाठवणे बरे दिसत नाही.

गुडघ्यांचा प्रश्न चालण्यापेक्षा खोलीच्या निवडीवर अधिक अवलंबून आहे. गावाचा किनारा सपाट आहे, परंतु एक ओळ मागे सरकले की सगळे जिने आहेत. आरक्षण करतानाच ‘किनाऱ्यालगतची, तळमजल्यावरची किंवा फार तर एका जिन्यावरची खोली हवी’ असे लेखी कळवावे आणि तसे लेखी उत्तर मिळवावे. खोल्या थोड्या आहेत, त्यातल्या बहुतेक खानावळींच्याच मालकीच्या आहेत आणि जूनसाठी त्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत भरत जातात. फेरीबोटीचा पुढचा भाग खाली उतरून फळीसारखा धक्क्याला टेकतो. उतरताना ती हलत असते, तेव्हा सासूबाईंचा हात धरावा आणि चाकांची बॅग दुसऱ्याने घ्यावी. नेहमीची औषधे पूर्ण दिवसांची आणि वर चार दिवसांची अधिक न्यावीत, कारण गावातून आजारी माणसाला हलवायचे तर बोटीनेच हलवावे लागते. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

आपल्याला आणि यजमानांना चालायचे असेल तर सकाळी सातला निघावे आणि अकराच्या आत परतावे, कारण या उतारांवर सावली मिळत नाही. सर्वात सोपी वाट भूशिरावरच्या जुन्या तुर्की किल्ल्याच्या अवशेषांवरून पलीकडच्या फिनिकास उपसागरात उतरते. प्राचीन बंदर लुत्रोच्या बाजूला होते की फिनिकासच्या, हा वाद जुना आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’मधल्या वर्णनात बंदराचे तोंड पश्चिमेकडे सांगितले आहे आणि लुत्रोचे तोंड पूर्वेकडे आहे. इसवी सन ३६५ च्या भूकंपात पश्चिम क्रीटचा किनारा काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत वर उचलला गेला, त्यामुळे तेव्हाची बंदरे आज जमिनीवर आली आहेत आणि या वादाचा निकाल लावणे सोपे राहिलेले नाही. बोटीतून जाताना कड्यांवर पाण्याच्या पातळीच्या बरीच वर एक आडवी खाच दिसते, ती त्या जुन्या समुद्राची रेघ आहे.

दुसरी वाट कठीण आहे. गावामागच्या डोंगरावर नागमोडी खेचरवाट चढते आणि सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या अनोपोली पठारावर नेते. १७७० मध्ये तुर्कांविरुद्ध उठाव करणारा जहाजमालक दास्कालोयानिस या पठारावरच्या अनोपोली गावचा. रशियाची मदत येईल या भरवशावर तो उठला, मदत आली नाही, आणि १७७१ मध्ये इराक्लिओ इथे त्याची जिवंतपणी कातडी सोलून त्याला मारण्यात आले. आपण ज्या हानिया विमानतळावर उतराल त्याला त्याचेच नाव दिलेले आहे. होरा स्फाकिऑनच्या किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धाचे स्मारक आहे, तिथेही पाच मिनिटे थांबावे: मे १९४१ मध्ये जर्मन छत्रीधारी सैन्याने क्रीट घेतल्यावर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे हजारो सैनिक पांढरे पर्वत ओलांडून या छोट्या बंदरात उतरले आणि रात्रीच्या अंधारात नौदलाच्या जहाजांनी त्यांना उचलले, जागा संपल्यावर उरलेल्यांना शरण जावे लागले.

यजमानांना समारियाची घळई उतरायची आहे असे आपण लिहिले आहे. वरच्या झिलोस्कालो या ठिकाणापासून समुद्रापर्यंत ती १६ किलोमीटर आहे, उतार सुमारे १,२०० मीटरांचा आहे आणि गोट्यांवरून पाच ते सात तास चालल्यावर चांगल्या तरुणांचेही गुडघे बोलू लागतात. सासूबाईंना हॉटेलात ठेवून तिघांनी ते करावे असे मला वाटत नाही. त्याऐवजी लुत्रोहून सकाळच्या बोटीने सगळ्यांनी आयिया रूमेलीला जावे. तिथून घळईत खालच्या तोंडाने शिरून तास-सव्वा तास चालले की ‘पोर्तेस’ हा भाग येतो, जिथे दोन्ही कडे जेमतेम चार मीटरांवर येतात. घळईतला सर्वात प्रभावी भाग हाच आहे. सासूबाई तोवर किनाऱ्यावर सावलीत बसू शकतात. संध्याकाळच्या बोटीत वरून चालत आलेले शंभर-दोनशे थकलेले प्रवासी असतील, म्हणून तिकीट सकाळीच परतीसह काढावे. कडक उन्हाच्या किंवा पावसाच्या दिवशी ही घळई बंद ठेवतात.

कागदपत्रांबद्दल थोडेच सांगतो. भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी त्याचे शुल्क ९० युरो आहे, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा आवश्यक असतो. लुत्रोतले खोलीमालक पूर्वी नुसते फोनवर ‘या’ म्हणत असत. व्हिसासाठी तेवढे पुरत नाही, म्हणून चौघांची नावे आणि तारखा असलेले आरक्षणपत्र मागून घ्यावे. रोख युरो हानियातच काढून ठेवावेत. ग्रीसमध्ये मुक्कामावर प्रत्येक रात्रीसाठी एक सरकारी शुल्क वेगळे भरावे लागते, ते खोलीच्या भाड्यात धरलेले असतेच असे नाही. आणि एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही: शौचालयातला कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो, कारण तिथल्या नळ्या अरुंद असतात.

मधल्या दिवसासाठी एक ठिकाण मी सासूबाईंना समोर ठेवून सुचवतो. लुत्रो आणि होरा स्फाकिऑन यांच्यामध्ये उंच कड्याखाली ‘ग्लिका नेरा’, म्हणजे गोडे पाणी, या नावाचा किनारा आहे. तिथे जाणारी पायवाट कड्यात कोरलेली आहे, एका बाजूला सरळ दरी आहे आणि वरून दगड सुटण्याची भीती असते, म्हणून त्यांना त्या वाटेने अजिबात नेऊ नये. लुत्रोच्या धक्क्यावरून हंगामात लहान बोट जाते, तिने जावे. पांढऱ्या पर्वतांवर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ चुनखडीच्या भेगांतून खाली झिरपतो आणि या किनाऱ्यावर अगदी समुद्राच्या काठाशी वर येतो. लाटेपासून चार-पाच पावलांवर हाताने गोटे बाजूला सारून वीतभर खड्डा केला की तो थंडगार गोड्या पाण्याने भरतो. पोहताना अंगाला मध्येच थंड पाण्याचा पट्टा लागतो, तोही त्याच झऱ्यांचा. टोपी, छत्री आणि रिकाम्या बाटल्या सोबत न्याव्यात, आणि परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच नावाड्याला विचारून घ्यावी.